माझ्या वाट्याच्या कॅप्सूल

आमच्या आईनं शेवटची सहा वर्षं अंथरुणात काढली. मी शाळेत शिकवत होते, लग्न केलेलं नव्हतं, म्हणून आई माझ्याकडे होती. अक्का महिन्यातले पंधरा दिवस सासर सोडून अक्कलकोटहून यायची. आईची कूस बदलायची, पाठीला पावडर लावायची, चमच्यानं पेज भरवायची, हे सगळं आम्ही दोघींनी केलं. शेवटी शेवटी आई आम्हाला ओळखतही नव्हती. एकदा तिला पुसून घेताना अक्का माझ्याकडे न बघताच म्हणाली, "तंगी, मला असलं पडून राहणं नको गं. चालता-बोलता जाऊ दे."

कानडीत धाकट्या बहिणीला तंगी म्हणतात. आमचं घर लिंगायताचं, लहानपण होटगीच्या रेल्वे क्वार्टरमध्ये गेलं. घरात कानडी, दाराबाहेर मराठी. मी मराठी शाळेत शिकले, पुढं शिकवलंही मराठी शाळेतच, त्यामुळं माझी कानडी जुजबी उरली. अक्का चौथीनंतर घरीच राहिली आणि नंतर अक्कलकोटला दिली गेली. तिची कानडी पक्की राहिली. मराठी बोलायची तीही चांगली, फक्त तिच्या पद्धतीनं.

अक्काचे यजमान गेले. मूलबाळ नव्हतं. ती जुळे सोलापुरात माझ्या फ्लॅटवर राहायला आली. तोवर मीही निवृत्त झाले होते. दोघी मिळून भाजी आणायची, सकाळी बागेत चार फेऱ्या मारायच्या, दुपारी ती शेंगा सोलायची आणि मी तिला पेपर वाचून दाखवायचे. त्या दिवसांत आम्हाला काही कमी नव्हतं.

काही वर्षांपूर्वी आमच्या कॉलनीतल्या ज्येष्ठ नागरिक संघात एक डॉक्टर आले. चहा व्हायच्या आतच त्यांनी बोलायला सुरुवात केली.

"हे औषध नाही," ते म्हणाले. "आजारी माणसांसाठी तर नाहीच. तुम्ही हिंडते-फिरते आहात, म्हणूनच आम्हाला हवे आहात. रोजच्या जेवणाला पूरक म्हणून व्हिटॅमिन आणि आणखी एक-दोन घटक दिले, तर म्हातारपण जरा सावकाश येतं का, एवढंच बघायचंय."

दोन वर्षं रोज एक कॅप्सूल घ्यायची. निम्म्या लोकांना खरी मिळणार आणि निम्म्यांना तशीच दिसणारी, पण आत काही नसलेली. कुणाला कुठली, हे आम्हाला कळणार नव्हतं, आणि डॉक्टरांनाही नाही. मागं कुणीतरी कुजबुजलं. मी मात्र ताठ बसले. एकतीस वर्षं मी विज्ञान शिकवलं होतं. घेवड्याच्या दोन कुंड्या घ्यायच्या, माती तीच, पाणी तेवढंच, फक्त एक उजेडात आणि एक कपाटात. एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं सारखं ठेवायचं, हे मी किती वर्गांना घोकून घेतलं असेल. आता आपणच कुंडी व्हायचं, याची मला गंमत वाटली. आईची आठवणही होतीच. ती आम्हा दोघींच्याही डोक्यातून कधी गेली नव्हती.

घरी आल्यावर अक्का म्हणाली, "रिकामी गोळी कशाला देतात गं? फसवायला?"

"फसवायला नाही. नाहीतर कळणार कसं, गोळीनं फरक पडला की आपोआप पडला?"

"आणि आपल्याला रिकामी आली तर?"

"तर आली."

"मला भरलेलीच येणार बघ," अक्का म्हणाली.

पहिल्या दिवशी रक्त घेतलं, वजन-उंची झाली, मग चाचण्या. चाचण्या घेणाऱ्या बाई चाळिशीच्या, मोडनिंबच्या होत्या. अक्काला आजी म्हणायच्या आणि मला ताई. आम्हा दोघींत पाचच वर्षांचं अंतर, पण अक्काचं नऊवारी आणि कपाळावरची विभूती बघून त्यांनी हिशेब केला असावा. त्यांनी एक यंत्र हातात दिलं आणि मुठीत धरून जोरात दाबायला सांगितलं. अक्कानं दाबलं आणि बाईंनी आकडा दोनदा बघितला. आमच्या मागं एक निवृत्त फौजदार होते, त्यांच्यापेक्षाही अक्काचा आकडा जास्त आला.

"साठ वर्षं भाकरी थापतीय मी," अक्का त्यांना म्हणाली. "तुमी काय थापलं?"

फौजदारही हसले. मग खुर्चीवरून हात न टेकता पाच वेळा उठायचं होतं, फरशीवर आखलेल्या रेषेवरून नेहमीसारखं चालायचं होतं. अक्का एसटी सुटायला आल्यासारखी चालली, तर बाईंनी तिला पुन्हा चालायला लावलं. सगळ्यात शेवटी दहा शब्द. बाई ते सावकाश वाचायच्या, आपण म्हणून दाखवायचे, आणि मधे दुसरं काही करून घेऊन त्या परत विचारायच्या. अक्कानं आठ सांगितले. मी नऊ.

निघताना दोघींना एकेक पांढरी बाटली मिळाली. तिच्यावर नाव नाही, फक्त नंबर. सोबत एक कार्ड होतं, कॅप्सूल घेतली की त्या तारखेवर खूण करायची. दर तीन महिन्यांनी कार्ड आणि उरलेल्या कॅप्सूल घेऊन यायचं.

पहिलं वर्ष छान गेलं. अक्का सकाळी पूजा करायची, मग आमचा नाश्ता, मग कॅप्सूल. ती कपाळाला लावून तोंडात टाकायची. बागेत चारच्या पाच फेऱ्या झाल्या. अक्का म्हणायची, अंग हलकं झालंय. माझे गुडघेही जिना चढताना कमी बोलत होते. असं नुसत्या विश्वासानंही वाटतं, हे मला ठाऊक होतं. वर्गात शिकवलंसुद्धा होतं. तरी रोज जिन्यावर मी मनातल्या मनात बघत होते, आज कितव्या पायरीला दुखलं.

दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला आम्ही पुन्हा गेलो. मी दाराबाहेरच्या बाकावर बसले होते, दार उघडंच होतं. बाईंनी शब्द वाचले. घर, फूल, पाणी, दगड, असे साधेच. थोड्या वेळानं त्यांनी परत विचारलं. अक्का म्हणाली, "मने... हूवु... नीरु..." आणि थांबली.

"आजी, मराठीत सांगा की," बाई म्हणाल्या.

अक्कानं माझ्याकडे बघितलं. मला बोलायची परवानगी नव्हती. मी मान खाली घातली. अक्काला पुढं काही सांगता आलं नाही.

बाहेर आल्यावर मी बाईंना म्हणाले, "तिनं सांगितलेले तीन बरोबर आहेत. घर, फूल, पाणी. कानडीत सांगितलेत."

"माझ्या कागदावर मराठीच शब्द हायत ताई. पण मी तसा शेरा लिहिते," त्या म्हणाल्या.

रिक्षात मी अक्काला समजावत राहिले. म्हटलं, हा भाषेचा घोळ आहे, आठवणीचा नाही. अक्का बाहेर बघत होती. तिकडंच बघत म्हणाली, "सगळं डोळ्यापुढं दिसत होतं तंगी. नाव येईना."

डॉक्टर माणूस न्यायी होता. पुढच्या खेपेला त्यांनी कानडी येणाऱ्या एक सिस्टर बोलावल्या आणि शब्द कानडीत वाचून घेतले. अक्कानं दोनच सांगितले. तीन महिने मी जी सबब घेऊन फिरत होते ती तिथं संपली. मग आणखी तपासण्या झाल्या, मेंदूचा फोटो काढला, दुसरे डॉक्टर झाले. स्मृतिभ्रंशाची सुरुवात आहे असं निघालं.

आमच्या डॉक्टरांनी आम्हा दोघींना खुर्चीवर बसवलं आणि सांगितलं, "आजी, हा अभ्यास निरोगी लोकांचा आहे. तुम्हाला आता यात पुढं ठेवता येणार नाही. दुसरी औषधं सुरू करायची आहेत. बाटली मात्र परत द्यावी लागेल."

अक्कानं पिशवीत हात घातला, पण बाटली बाहेर काढेना.

"मी नापास झाले का?"

"तसं नाही, आजी."

"मग गोळी का काढून घेता? आता तर मला जास्त लागतीय की."

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले, जणू मी तिला समजावून सांगेन. मीच अखेर तिच्या मुठीतून बाटली सोडवून घेतली. फौजदारांना हरवणारी ती मूठ होती. मला जोर लावावा लागला.

दुसऱ्या दिवशी नाश्ता झाल्यावर मी माझी कॅप्सूल काढली. टेबलाच्या पलीकडून अक्का बघत होती. काही मागितलं नाही, फक्त बघत होती. मी पाण्याचा पेला तिच्याकडे सरकवला आणि कॅप्सूल तिच्या हातावर ठेवली.

"तुझी हाय की," ती म्हणाली.

"असू दे. घे."

तिनं ती कपाळाला लावली आणि घेतली. मी कार्डावर माझ्या नावानं खूण केली.

एकदा आठवीच्या एका वर्गानं थर्मामीटरची नोंद एकमेकांचं बघून उतरवली होती. मी सगळा प्रयोग पुन्हा करायला लावला होता. आलं तेच लिहायचं, आलं नाही ते लिहायचं नाही, असं ओरडले होते. त्या सकाळी मला तो वर्ग आठवला आणि तरीही मी खूण केली. दुसऱ्या दिवशीही केली. मग रोजच. असे आठ-नऊ महिने गेले.

तपासणीला मी एकटी जायचे, अक्काला शेजाऱ्यांकडे बसवून. कार्ड पूर्ण भरलेलं, बाटली बरोबर रिकामी. बाई म्हणायच्या, "ताई, तुमचं काम एकदम शिस्तीत असतंय." मी यंत्र दाबायचे, रेषेवरून चालायचे, शब्द सांगायचे. ते सगळे आकडे त्या कॅप्सूल घेणाऱ्या बाईचे म्हणून लिहिले जायचे.

मधे उन्हाळ्यात आठ-दहा दिवस अक्का फार बरी होती. गॅसवरचं दूध तिनं आपणहून उतरवलं. यजमानांच्या दुकानातल्या कापडांची नावं सांगितली, कुठल्या फडताळात काय असायचं तेसुद्धा. शेजारच्या सूनबाईला शेंगाचटणीत लसूण किती घालायचा ते बजावलं. मी कॅलेंडरच्या मागं रोजचं लिहून ठेवायला लागले. मला वाटलं, लागू पडतंय. मला ते डॉक्टरांना सांगावंसं वाटत होतं आणि सांगता येत नव्हतं. एका दुपारी ती झोपलेली असताना मी तिच्या उशाशी बसून चक्क हसले.

मग एका सकाळी स्वयंपाकघरातून तव्याचा करपट वास आला. मी धावत गेले. तवा रिकामाच तापत होता. अक्का काटवटीसमोर उभी होती. ज्वारीचं पीठ मळून झालं होतं, छान मऊ, नेहमीसारखं. तिनं एक गोळा दोन्ही तळहातांवर घेतला होता आणि ती त्याच्याकडे बघत होती.

"अक्का, काय झालं?"

"ह्याचं पुढं काय करायचं असतं गं?"

मी गॅस बंद केला. म्हटलं, "थाप की." ती तशीच उभी. मी तिच्यामागं उभी राहून तिचे हात माझ्या हातात धरले आणि काटवटीवर ठेवले. मला भाकरी कधीच नीट आली नाही, आयुष्यभर ती आईनं नाहीतर अक्कानं केली. आम्ही दोघींनी मिळून थापली, ती कडेला फाटली. अक्का म्हणाली, "साकु." पुरे. हात धुतले आणि बाहेर जाऊन बसली. त्यानंतर तिनं पिठाला हात लावला नाही.

त्या दिवशीही नाश्त्यानंतर मी तिला कॅप्सूल दिलीच.

दोन वर्षं पुरी झाली. पुढं काही महिन्यांनी डॉक्टरांनी सगळ्यांना एका सभागृहात बोलावलं. पडद्यावर दोन रेषा दाखवल्या, एक खऱ्या कॅप्सूलवाल्यांची आणि एक रिकाम्यांची. मुठीचा जोर, चालणं, शब्द, रक्त. सगळीकडे दोन्ही रेषा एकमेकींना चिकटून खाली उतरत होत्या. डॉक्टर स्पष्ट बोलणारे होते. म्हणाले, "आम्हाला काही फरक दिसला नाही. हे कळणंही महत्त्वाचं असतं. तुमचे आभार."

पुढच्या रांगेतून फौजदार उठले. हातात काठी आली होती. "म्हणजे आता आम्ही काय घ्यायचं?"

"वेगळं काही नाही. चाला, नीट जेवा, झोप घ्या, माणसांत राहा."

"ते तर करतोच की आम्ही," फौजदार म्हणाले, आणि बसले.

शेवटी कुणाची कॅप्सूल खरी आणि कुणाची रिकामी, हे लिहिलेली ज्याची त्याची पाकिटं वाटली. अक्काचं पाकीटही माझ्याच हातात आलं. मी ते आधी उघडलं. तिची कॅप्सूल खरी होती. तिच्या हातून शब्द निसटत होते तेव्हा ती रोज खरी, भरलेलीच घेत होती. मग माझं उघडलं. माझी रिकामी.

मी खुर्चीतच बसून राहिले. लोक चहाला गेले. मग मी डॉक्टरांकडे गेले आणि सगळं सांगितलं, कधीपासून, कसं, कार्डावरच्या खुणांसकट. ते ऐकत होते. मला वाटलं रागावतील.

"त्यांना दुसरी औषधं सुरू होती," ते म्हणाले. "तुमची खरी असती आणि त्या औषधांबरोबर काही उलटसुलट झालं असतं तर?"

हे माझ्या मनात कधीच आलं नव्हतं. इतके महिने, एकदाही नाही. मी विज्ञानाची शिक्षिका.

"तुमचे त्या काळातले आकडे काढून टाकावे लागतील," ते म्हणाले. मग म्हणाले, "चूक माझीही आहे. एका घरातल्या दोघींना घ्यायलाच नको होतं. मी विचार करायला हवा होता."

त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला. मला तो पिता आला नाही. आकडे काढल्यानं त्यांच्या दोन रेषा जागच्या हलणार नव्हत्या, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही. खरं सांगायचं तर मला शरम वाटायला हवी होती ती त्या खुणांची. पण मला वाईट वाटत होतं ते वेगळ्याच गोष्टीचं. तो उन्हाळा, ते आठ-दहा दिवस, ते कशाचे होते मग? कशाचेच नव्हते. नुसते आले आणि गेले. मी ते कॅलेंडर घरी जाऊन फाडलं.

अक्काला यातलं काही सांगितलं नाही. सांगून कळण्याच्या पलीकडे ती तेव्हाच गेली होती. ती आता सगळं कानडीतच बोलते, तेही तुटक, आणि निम्मं माझ्या डोक्यावरून जातं. शेजारच्या इमारतीत दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या एक कानडी बाई राहतात, त्यांना एकदा बोलावून आणलं. त्यांनी शेजारी बसून बराच वेळ ऐकलं. "शब्द कानडीच आहेत," त्या म्हणाल्या, "पण अर्थ लागत नाही हो." मागच्या थंडीत ती बाथरूममध्ये पडली. हाड जुळलं, पण पाय टेकायचं ती विसरली. तेव्हापासून पलंगावरच आहे. ज्वारीची पेज मीच भरवते. ती काही दिवस गिळते, काही दिवस तोंडातच धरून ठेवते.

माझं वय आता बहात्तर आहे. बाटलीचं झाकण उघडताना मनगटात कळ येते. एखादं नाव जिभेवर येऊन अडलं की मी हातातलं काम सोडून बसते, ते आठवेपर्यंत उठत नाही.

गेल्या महिन्यात मी शहराबाहेरच्या एका वृद्धाश्रमात चौकशीला गेले. जागा स्वच्छ होती, अंगणात कडुलिंब होता. तिथल्या व्यवस्थापकांनी अदबीनं बसवलं, पाणी दिलं.

"बहीण अंथरुणाला असेल तर नाही घेता येणार, बाई," ते म्हणाले. "आपलं आपण करणारी माणसंच आम्ही घेतो. तुमची तब्येत चांगली दिसते. तुम्ही एकट्या कधीही या."

"आणि इथं राहणारं कुणी पुढं अंथरुणाला खिळलं, तर?"

"मग घरच्यांना बोलावून घेतो."

मला घरचं असं अक्काशिवाय कुणी नाही. हे त्यांना सांगावंसं वाटलं नाही. विचार करून कळवते म्हटलं आणि रिक्षानं परत आले.

अक्काजवळ बसवलेल्या बाईला चार वाजता जायचं होतं, ती चपला घालूनच दारात उभी होती. ती गेली. लाईट गेली होती, पंखा बंद होता. अक्का जागी होती, घामानं भिजलेली. तिला कूस बदलून दिली, मान पुसली, उशी उलटी केली. तिनं माझ्याकडे बघितलं, पण त्या बघण्यात ओळख नव्हती. मी खुर्ची पलंगाजवळ ओढली आणि वर्तमानपत्राची घडी करून तिला वारा घालत बसले.